मैदान राहू द्या, असंही लिहून द्यावं लागतं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. भाडेकरार, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, पोरांचे प्रोजेक्ट, लग्नाचे बायोडाटा, सगळं करते. त्यात जमिनीच्या हरकतीही आल्या. त्या इतक्या टाइप केल्या की विकास आराखड्याला, म्हणजे शहरात कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या महापालिकेच्या नकाशाला, मी घरातही 'डीपी' म्हणते, आणि नवरा दर वेळी विचारतो, "कुठला डीपी उडाला? लाइट तर आहे की."

या हरकती टाइप करताना एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ज्याची जमीन मैदानासाठी किंवा दवाखान्यासाठी आराखड्यात राखून ठेवलीय, तो येतोच. सोबत वकील, मोजणीचा नकाशा, सातबारा आणि तीन प्रती घेऊन येतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, जमीन त्याची आहे. पण ज्या पोरांना ते मैदान मिळायचं असतं, त्यांच्या घरातलं कुणीही कधी माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही. हरकती ऐकणाऱ्या समितीपुढं 'आरक्षण काढा' म्हणणारे कागद जातात आणि 'आरक्षण ठेवा' म्हणणारा एकही जात नाही. मग वाचणाऱ्याला काय वाटणार? लोकांना मैदान नकोच आहे, असंच ना!

'हरकत' या शब्दानंच घोळ केलाय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये हरकती आणि सूचना असे दोन्ही शब्द आहेत, आणि त्या कुणीही लेखी देऊ शकतं. 'कुणीही' म्हणजे मालकच लागतो असं नाही. भाडेकरूही देऊ शकतो. मागावर काम करून दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा माणूसही लिहू शकतो. हे मी दुकानाच्या काचेवर लिहून लावलंय, तरी आठवड्याला एक जण विचारतोच, "आमचं घर भाड्याचं आहे ताई, आमची सही चालंल का?" चालते.

तारीख आधी, भांडण नंतर

आपल्याला बातमी कळते त्या दिवसापासून मुदत मोजली जात नाही. ती राजपत्रात सूचना छापली गेल्याच्या तारखेपासून सुरू होते. प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की आपल्या हातात ३० दिवस असतात. त्यातले आठ दहा दिवस चहाच्या टपरीवर "असं काहीतरी आलंय म्हणे" यातच जातात. स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस येते, पण ती निविदांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणून गल्लीत एका माणसाला हे काम नेमूनच द्या. आमच्याकडं एक पेन्शनर सर आहेत, त्यांना नाहीतरी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा असतो. त्यांना सांगून ठेवलंय: 'विकास योजना', 'कलम २६', 'कलम ३७', 'फेरबदल' यातला एक जरी शब्द दिसला तरी कात्रण दुकानात आणून द्यायचं.

बोलायच्या वेळा एकापेक्षा जास्त असतात, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. महापालिका आराखडा नव्यानं करायचा किंवा सुधारायचा इरादा कलम २३ खाली जाहीर करते, तेव्हा पहिली वेळ. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, ती दुसरी, आणि सगळ्यांना माहीत असलेली. आराखडा शासनाकडं गेल्यावर शासन त्यात मोठे बदल सुचवतं, तेव्हा त्या बदललेल्या भागांवर पुन्हा म्हणणं मागवतात. आणि आराखडा लागू झाल्यानंतरही एखाद्या जागेपुरता बदल करायचा असेल तर कलम ३७ ची नोटीस निघते, एक महिन्याच्या मुदतीची. शेवटची ही सगळ्यात गुपचूप जाते. एकच जागा, चार ओळींची नोटीस, कुणाचं लक्ष नाही. मैदानं बदलतात ती बहुतेक अशीच.

खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्त वेळ पहिली असते. त्या टप्प्यावर आज कुठं काय आहे याचं सर्वेक्षण होतं, आणि सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. तुमची वस्ती त्यात पडीक किंवा शेती म्हणून रंगली तर पुढचं सगळं त्या रंगावर रचलं जाणार. १९९२ साली सोलापूरची हद्दवाढ झाली आणि शहर १७८ चौरस किलोमीटरच्या घरात गेलं. आसपासच्या गावांची शेतं रातोरात शहरात आली, आणि त्या शेतांत गुंठा गुंठा घेऊन लोकांनी घरं बांधली. कागदावर ज्वारी आणि जमिनीवर तीनशे घरं, असा प्रकार हद्दवाढ भागात कुणालाही नवा नाही. सर्वेक्षण चालू असतानाच फोटो, वीजबिल आणि घरपट्टीची पावती जोडून लेखी कळवलं तर दुरुस्ती एका ओळीची असते. आराखडा छापल्यावर तीच लढाई होते.

नकाशा वाचायचा कसा

पहिल्यांदा नकाशा बघून मला वाटलं होतं कुणीतरी रांगोळी सांडलीय. घाबरू नका. कोपऱ्यातली सूची आधी बघा. साधारण पिवळा रंग राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा कारखान्यांसाठी, आणि हिरव्याच्या छटा शेती, बाग, मैदान यांसाठी असतात. तरी तुमच्या नकाशाची सूची काय म्हणते तेच खरं धरायचं. आरक्षणाच्या जागेवर क्रमांक असतो. तो क्रमांक आणि सोबतच्या अहवालातल्या तक्त्यातली ओळ, या दोन्ही एकत्र वाचल्या तरच कळतं की ही जागा कशासाठी आणि किती क्षेत्राची आहे.

मग जमिनीचा नंबर. इथं मी स्वतः तोंडावर आपटलेय. आमच्याकडं बऱ्याच जागांना जुना सर्व्हे नंबर एक आणि नवा दुसरा. लोक बोलताना जुनाच सांगतात, कारण आजोबांच्या खरेदीखतात तोच आहे. पहिल्या वेळी मी चाळीस अर्ज जुन्या नंबरानं टाइप केले. नकाशावर त्या नंबरची जागा दुसरीकडंच, तिथं काहीच आरक्षण नाही. म्हणजे आम्ही चाळीस जणांनी मिळून एका रिकाम्या वावराला मैदान ठेवा म्हणून विनवलं! सरांनी तपासलं म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधी कळलं. कागदही माझा, शाईही माझी, रात्री दीडपर्यंत प्रिंटर चालू. तेव्हापासून माझा नियम: जुना आणि नवा दोन्ही नंबर, मौजे, आणि शेजारी 'अमुक मंदिराच्या मागे, तमुक शाळेच्या पूर्वेला' अशी खूण.

खात्री करायची असेल तर झोन दाखला (जागा आराखड्यात कशासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (नकाशाचा तेवढाच तुकडा) मागवा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दोन्ही सेवा ठरलेल्या मुदतीत देणं बंधनकारक आहे. झोन दाखला मागायला भागातल्या झोन ऑफिसला जाऊ नका. तो झोन वेगळा, तिथं घरपट्टी आणि कचरा. हा दाखला नगररचना विभागातून मिळतो. या एका शब्दापायी आमच्या गल्लीतल्या अक्कांनी दोन चकरा आणि चाळीस रुपये रिक्षाभाडं घालवलंय.

आणखी एक गोंधळ. लेआउटमधली 'ओपन स्पेस' आणि आराखड्यातलं आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या लेआउटला मंजुरी घेताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ओपन स्पेस. तिची तक्रार असेल तर मंजूर लेआउटची नक्कल काढा, डीपीच्या नकाशात शोधत बसू नका.

नकाशा गल्लीत आणा

सुनावणीला लोक येत नाहीत म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. आधी नकाशा लोकांपर्यंत जायला हवा. आम्ही आमच्या भागाचा तुकडा मोठा करून चार मोठ्या कागदांवर काढला, मागून सेलोटेप लावली आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर अंथरला. पहिल्या रविवारी सहा माणसं आली, सहाही पुरुष, आणि त्यातले दोघे देवदर्शनाला आलेले.

का, ते नंतर कळलं. त्या दिवशी पाणी होतं. आमच्याकडं नळाला दररोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातली बाई हंडे, पिंप, कॉट खालच्या बादल्या भरण्यात असते. त्या वेळी तिला आराखडा दाखवायला बोलावणं म्हणजे मस्करीच. पुढची बैठक पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवली, जेव्हा विड्या वळणाऱ्या बायका अंगणात बसलेल्या असतात. त्यांना ओट्यावर बोलावलं नाही, नकाशाच त्यांच्या अंगणात नेला. मांडीवर सूप, हातात पान आणि कात्री, आणि समोर डीपी.

भाषेचंही तसंच. आमच्या गल्लीत अर्धी घरं तेलुगू, थोडी कन्नड, थोडी दखनी बोलणारी. मराठी सगळ्यांना येते, बाजारात चालते तेवढी. पण 'प्रस्तावित अठरा मीटर रुंद विकास योजना रस्ता' हे ऐकून माझ्या मराठी सासूलाही झोप येते. कोपऱ्यावरच्या पद्मशाली घरातली कॉलेजची मुलगी सोबत घेतली, ती तेलुगूत सांगायची. पहिल्याच अंगणात एका आजीनं विचारलं, "मा इल्लु पोतुंदा?" माझं घर जातंय का?

तो प्रश्न मला आधी अडथळा वाटला. मी मैदानाबद्दल बोलतेय आणि ही घराचं विचारतेय. पण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणी पुढचं ऐकतच नाही, आणि का ऐकावं? म्हणून आता क्रम ठरलाय. प्रत्येक घराचं बोट नकाशावर टेकवायचं, घरावर रस्ता किंवा आरक्षण आहे की नाही ते स्पष्ट सांगायचं. असेल तर "बघू, होईल काहीतरी" म्हणायचं नाही. त्यांची हरकत वेगळी, त्यांची कागदपत्रं वेगळी, त्यांना वेगळा वेळ द्यायचा. त्यानंतरच मैदान.

मग खूण म्हणून शेंगा आणल्या. सोलापुरात दुसरं काय आणणार! जिथं पावसाचं पाणी तुंबतं तिथं एक शेंग ठेवा, पोरं जिथं खेळतात तिथं दोन. बायकांनी दहा मिनिटांत जे दाखवलं ते मला इतकी वर्षं राहून ठाऊक नव्हतं. दवाखान्यासाठी राखलेल्या जागेवर चार शेंगा पडल्या. तिथं ऑगस्टात गुडघाभर पाणी असतं. म्हणजे दवाखाना हवा, पण त्या जागेत भराव घालून नाल्याची वाट न अडवता. ही सूचना कुठल्याही वकिलाच्या कागदात आली नसती. शेंगा खाऊन संपायच्या आत नकाशाचा फोटो तेवढा काढून ठेवा.

गुंठेवारीतली माणसं सही करायला घाबरतात. आपलं घर नियमात नाही, नाव दिलं की नजरेत येऊ, ही भीती. त्यांना रेटू नका. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ पासून आहे, पण ते काम वेगळ्या अर्जाचं आहे. मैदानाच्या सूचनेला घराचे कागद जोडावे लागत नाहीत, एवढं खरं सांगा आणि थांबा. सही केली तर घर नियमित होईल असं कुणी सांगत फिरत असेल, तर त्याला पहिला रस्ता दाखवा.

अर्ज

एकच मजकूर दोनशे प्रतींत छापून खाली वेगवेगळ्या सह्या, हा आमच्याकडचा लाडका प्रकार. दुकान म्हणून मला परवडतो, उपयोगाचा मात्र फारसा नाही. दोनशे एकसारखे कागद वाचणाऱ्याला एकच मुद्दा कळतो. त्यापेक्षा एक सामाईक पत्र आणि सोबत दहा बारा घरांची आपापल्या शब्दांतली पत्रं द्या. एका पत्रात एकच जागा. मी वापरते तो नमुना:

"विषय: प्रारूप विकास योजनेतील आरक्षण क्रमांक ___, खेळाचे मैदान, सर्व्हे नंबर जुना ___ / नवा ___, मौजे ___, हे आरक्षण कायम ठेवण्याबाबत सूचना.

मी या जागेपासून पायी सात मिनिटांवर भाड्याने राहते. मला दोन मुले आहेत. त्यांना खेळायला सर्वात जवळचे दुसरे मैदान ___ येथे असून तिथे जाण्यासाठी अक्कलकोट रोड ओलांडावा लागतो. या जागेवर सध्या बांधकाम नाही (फोटो जोडला आहे). आरक्षण कमी करण्याची किंवा हलवण्याची मागणी आल्यास निर्णयापूर्वी आमचे म्हणणे ऐकावे. सुनावणीची सूचना वरील पत्त्यावर मिळावी."

'काढा' म्हणणाऱ्यांना तर याहून जास्त लिहावं लागतं: काढून कुठं न्यायचं? पर्यायी जागा नंबरासकट दाखवली की पत्राचं वजन बदलतं. 'आमच्यावर अन्याय झाला आहे' हे वाक्य मी आता टाइपच करत नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर शेवटी घालते.

दोन प्रती काढा. एक इंद्रभुवनला, म्हणजे महापालिकेत, आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

सुनावणी आणि त्यानंतरचं

हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात. आमच्या सरांनी १९९२ च्या हद्दवाढीपासून सुरुवात केली. वेळ संपली तेव्हा ते अजून १९९८ पर्यंतसुद्धा पोहोचले नव्हते. म्हणून बोलणारा एक, मुद्दे तीन, आणि तेच मुद्दे लिहिलेला एक पानी कागद समितीच्या हातात. घरातून निघताना आवक क्रमांक, नकाशाची प्रत आणि फोटो घ्या. जाणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, ती गल्लीनं वर्गणी काढून द्यावी. विडीवाली बाई हजार विड्यांवर पैसे मोजते, तिला 'समाजकार्य' म्हणून फुकट नेऊ नये.

कुठल्याही घरात पोरगं विचारेल, या असल्या नकाशाचा आपल्याला काय फरक पडतो? २०२३ च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळाच्या धावपट्टीच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा पानटपरीवरचा माणूसही धावपट्टी आणि उंचीच्या मर्यादा समजावून सांगत होता. जमिनीचा वापर म्हणजे काय, ते त्या आठवड्यात सगळ्या गावाला कळत होतं. पण बोलायची वेळ त्याच्या कितीतरी आधीची असते. तसंच होम मैदानाचं. ते मोकळं राहिलंय म्हणून तिथं दर जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो. वर्षाचे अकरा महिने 'रिकामी पडलेली जागा' म्हणून कुणी त्याच्याकडं बघितलं असतं तर?

सुनावणी झाली की लोक घरी जातात आणि विसरतात. तुम्ही विसरू नका. समितीच्या अहवालात तुमच्या आवक क्रमांकासमोर काय लिहिलंय ते माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर. 'अमान्य' असेल तर कारण वाचा. शासनाकडं पाठवायच्या पत्रात त्याच कारणाला उत्तर द्यायचं असतं.

आणि आरक्षण राहिलं म्हणजे मैदान मिळालं असंही नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली नाहीत की आरक्षण आपोआप संपतं. जमीन घ्यायला पैसा लागतो किंवा मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क, द्यावा लागतो, आणि त्यासाठी कुणीतरी सतत मागणी लावून धरावी लागते. म्हणून दर वर्षी अंदाजपत्रकाच्या आधी आम्ही एक पानाचं पत्र देतो, तेच आरक्षण, तोच क्रमांक, फोटो मात्र त्या वर्षाचा.

आमचं मैदान नकाशावर अजून हिरवं आहे. जमिनीवर बाभळी आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्यातून वाट काढत पोरं क्रिकेट खेळतात. त्याची फाइल दुकानात, झेरॉक्स मशीनच्या वरच्या फळीवर असते. आत राजपत्राची प्रत, आवक क्रमांकांची यादी, शेंगांचा फोटो. वरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत दोन तारखा चिकटवल्यात: एक आराखडा लागू झाल्याची, आणि तिच्याखाली दहा वर्षं मिळवून काढलेली दुसरी.